अंदाजपत्रकात नसलेली शाकारणी

दत्तोपंत खांबेट्यांचं अंदाजपत्रक कधी चुकत नाही, असं सरकारी बांधकाम खात्यात सांगत. रत्नागिरीच्या कचेरीत तीस वर्षं त्यांनी तेच एक काम केलं. डाकबंगल्याची खिडकी बदलायची असो की कोर्टाची भिंत पांढरी करायची असो, बिजागऱ्या किती, खिळे किती शेर, चुना किती मण, हे दत्तोपंत आधी कागदावर मांडणार आणि शेवटी खर्च तेवढाच निघणार. साहेब आले नि गेले, दत्तोपंतांचा आकडा हलला नाही. असा हा माणूस पेन्शनीत निघाला, भाड्यानं द्यायला म्हणून आयुष्यातलं पहिलं घर विकत घेतलं, आणि त्याच्या दुरुस्तीच्या यादीत नेमकं छप्पर विसरला. पुढे ही गोष्ट सांगताना उमाबाईंना हसू आवरत नसे. पण ज्या वैशाखात ती घडली, त्या वैशाखात त्यांना हसू आलं नव्हतं.

घर झाडगावात होतं. मालक मुंबईला कायमचे गेले, त्यांना ते काढून टाकायचं होतं, आणि दत्तोपंतांच्या जवळ आयुष्याची पुंजी अकराशे रुपये होती. सन एकोणीसशे बत्तीसच्या मार्गशीर्षात व्यवहार झाला. पुढे रुंद ओटी, ओटीला लागून एक खोली, आत माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी, एवढ्यात दत्तोपंत आणि उमाबाई राहणार. बाजूचे दोन खण पाटणकर मास्तरांना सात रुपयांनी, आणि परसाकडचा एक खण गंगुबाईंना पाच रुपयांनी. गंगुबाई मूळच्या पूर्णगडच्या, विधवा, पापड-कुरडया करून विकायच्या आणि जिभेनं त्याहून कुरकुरीत होत्या.

सात नि पाच बारा. पुण्याच्या मास्तरणींच्या ट्रेनिंग कॉलेजात राहण्याजेवण्याचे महिना बारा रुपये पडत. हा योगायोग नव्हता. दत्तोपंतांनी घरच मुळी त्या बारा रुपयांसाठी शोधलं होतं. त्यांची धाकटी लेक मालिनी अठराची झाली होती. दोघी थोरल्यांची लग्नं तेराव्या-चौदाव्या वर्षी उरकली होती. पण मालिनी शाळेत पहिली यायची, आणि दत्तोपंतांच्या मनानं घेतलं होतं की ही मास्तरीण होणार. पेन्शनीत दोघांचं पोट भरायचं, भाड्यावर लेकीचं शिक्षण व्हायचं. "बारा येणार, बारा जाणार, दोन वर्षांत मुलगी मिळवती," असं ते ओटीवरच्या आरामखुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

ओटी हा त्यांचा जीव होता. तीस वर्षं दुसऱ्याच्या घरात भाड्यानं राहिलेल्या माणसाला स्वतःच्या ओटीवर पाय पसरून बसण्यात काय सुख असतं, ते उमाबाईंना कळत होतं. सकाळी ते तिथे चहा घेत, दुपारी पेंगत, संध्याकाळी रस्त्यावरच्या प्रत्येकाला हाक मारत. शेजारचे सोहनी वकील एकदा म्हणाले, "दत्तोपंत, ही ओटी आणि खोली मला कचेरीला द्या, आठ रुपये देतो." त्यावर दत्तोपंतांनी तीन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

घर घेण्याआधी त्यांनी यादी केली होती ती अशी सुंदर, की ती वाचताना उमाबाईंना शंका घ्यायचं सुचलंच नाही. घरपट्टी होती. विहिरीचा दोर होता. भिंतींना पांढरा हात, दारांच्या कड्या, जमिनीला शेण, संडासाची डागडुजी, अगदी उंदरांच्या बिळात घालायच्या काचांसुद्धा. छप्पर नव्हतं. उमाबाई रत्नागिरीच्याच, शाळामास्तरांची मुलगी. माहेरी काय नि सासरी काय, कायम भाड्याच्या घरात राहिलेल्या. छपराचं घरमालक बघतो, एवढंच त्यांना ठाऊक. आता घरमालक म्हणजे आपणच, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

आणि दत्तोपंत विसरले ते का, ते सांगायला हेदवीला जायला हवं. खांबेटे हेदवीचे खोत. खोत म्हणजे गावचा सारा वसूल करणारे, जमिनीवर मालकी सांगणारे. वाटण्या होऊन होऊन दत्तोपंतांच्या वाट्याला नावापुरतं काही उरलं होतं, पण लहानपण त्यांचं त्या मोठ्या घरात गेलं. तिथे दर वैशाखात शाकारणी होई. पावसाआधी छपरावरचे सगळे नळे, म्हणजे मातीची नळीदार कौलं, उतरवायचे, वर्षभराचा पालापाचोळा झाडायचा, वानरांनी फोडलेले बाजूला काढायचे, कुजलेल्या बांबूच्या कामट्या बदलायच्या आणि पुन्हा नळ्यावर नळा बसवायचा. गावची कुळं त्यासाठी येत. दहा दिवस अंगणात नुसती धमाल. मोठ्या हंड्यात भात, फणसाची भाजी, शेवटच्या दिवशी प्रत्येकाला पायली तांदूळ आणि सुपारी. दत्तोपंतांच्या लेखी शाकारणी हा सण होता. सणाचा खर्च दुरुस्तीच्या यादीत कोण लिहितो?

"आपुलकीनं येत गो माणसं," ते उमाबाईंना सांगत. "कुणाला बोलवावं लागत नसे."

त्यातली एक गोष्ट तर उमाबाईंना पाठ होती. दत्तू आठ वर्षांचा असताना धर्मा नावाच्या कुळाचं सगळं बिऱ्हाड पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या गोठ्यात राहायला आलं होतं. धर्माचा मुलगा भागोजी दत्तूच्याच वयाचा. आठ दिवस दोघं गोठ्यात एकत्र. भागोजीची आई चुलीत फणसाच्या आठळ्या भाजायची, बाहेर पाऊस, आत गाईंची ऊब, आणि सोवळंओवळं म्हणून ओरडायला कुणी नाही. "तसे आठ दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत," असं म्हणून ते गोष्ट संपवत. तिन्ही मुलींना त्यांनी हीच गोष्ट सांगत झोपवलं होतं.

वैशाख लागला आणि एका सकाळी गंगुबाई कमरेवर हात ठेवून ओटीसमोर उभ्या राहिल्या.

"आप्पानू, शाकारणी कधी करताव? माझ्या खणात डोक्यावर आभाळ दिसतंय. पापडाचं पीठ कुठं ठेवू मी?"

दत्तोपंतांनी चहाची बशी खाली ठेवली. उमाबाई दारात होत्या. नवऱ्याच्या तोंडावरचा रंग जाताना त्यांनी पाहिला, आणि त्या क्षणी त्यांनाही ती यादी आठवली.

तरी दत्तोपंत सावरले. म्हणाले, "करूया की. पाटणकर मास्तर आहेत, मी आहे, तुमचा भाचा येईल. सगळे मिळून चार दिवसांत परतून टाकू. आमच्या हेदवीस असंच करतात. जेवण माझ्याकडे."

गंगुबाईंनी कमरेवरचे हात काढले नाहीत. "भाडं पण मीच द्यायचं, नि छपरावर पण मीच चढायचं?" त्या म्हणाल्या. "मग तुमी काय करायचं वो, आप्पानू?"

दत्तोपंत उठले. ते शिडी लावून स्वतः वर चढले. खाली उतरले तेव्हा धोतराला जळमटं लागली होती आणि तोंड उतरलं होतं. पुढच्या पाख्याचे, म्हणजे रस्त्याकडच्या उतारावरचे, निम्मे नळे तडकलेले होते. कामट्यांना वाळवी होती. जुन्या मालकानं घर विकायचं ठरवल्यापासून दोन वर्षं वर माणूसच चढवला नव्हता. दत्तोपंतांनी पेन्सिल घेतली आणि आता मात्र कागद बरोबर बोलला. नवे नळे, कामट्या नि सुंभ मिळून नऊ रुपये. चार गडी, दहा दिवस, दहा आणे रोज, पंचवीस रुपये. एकूण चौतीस.

पाच महिन्यांच्या भाड्याचे साठ रुपये उमाबाईंच्या डब्यात होते. मालिनीची कॉलेजातली अनामत, पुस्तकं, ट्रंक, बोटीचं नि रेल्वेचं भाडं, पहिल्या महिन्याचं जेवण, या सगळ्याचा हिशेब बरोबर साठ. मे अखेर बोटी बंद होत. शेवटच्या बोटीनं मालिनी गेली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला मिळणार होती, तसं कॉलेजचं पत्रच होतं.

"मी पुढच्या वर्षी जाईन, आप्पा," मालिनी म्हणाली. ती निवडत होती ते तांदूळ तिनं निवडणं थांबवलं नाही. पुढचं वर्ष म्हणजे काय ते घरातल्या तिघांनाही माहीत होतं. खेडच्या मावशीनं एक स्थळ आणून ठेवलं होतं. बिजवर, चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. "शिकायला पाठवताय म्हणून थांबलेय," असं मावशीनं लिहिलं होतं. थांबलेली मावशी वर्षभर थांबणाऱ्यांतली नव्हती.

"वकिलांना ओटी देऊया," उमाबाई त्या दिवशी म्हणाल्या.

"ओटी सोडून काय वाटेल ते माग," दत्तोपंत म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.

ते परत आले ते दोन तासांनी, आणि वीस वर्षांनी लहान होऊन आले. मागे एक काळाशेला, काटक, पिकल्या मिशांचा माणूस होता.

"अगो, ओळख बघू कोण ते. भागोजी. गोठ्यातला भागोजी."

भागोजी दर वैशाखात शाकारणीच्या कामाला शहरात येत असे. तीन गडी घेऊन यायचा आणि घराघरांवरचे नळे परतून पावसाच्या आत गावी जायचा. गाडीतळावर दत्तोपंत मजूर बघायला गेले, तर यानंच त्यांना ओळखलं. डाव्या भुवईवरच्या खुणेवरून. ती खूण गोठ्यातच झाली होती, गाईच्या शिंगानं. दत्तोपंतांनी मजुरी विचारली तेव्हा भागोजीनं कानाला हात लावला.

"खोताच्या घरची शाकारणी नि मजुरी घेव? माज्या बापसानं कवा घेतलान न्हाय. जेवान द्या, पायली तांदूळ द्या, झालं."

"बघितलंस?" दत्तोपंत उमाबाईंना म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "याला म्हणतात आपुलकी. चौतीसाचे नऊ झाले. नवाचं मी बघतो, हातातलं घड्याळ काय चाटायचंय? मालिनी, ट्रंक काढ."

दोन दिवस घरात नुसता आनंद होता. पुढचं पाखं उघडं झालं, माजघरात ऊन आलं, धुळीनं सगळ्यांची नाकं काळी झाली. दत्तोपंत खाली उभे राहून एकेक नळा बोटांनी वाजवून पाहत. बद्द वाजला की बाजूला, खणखणीत वाजला की वर. भागोजी छपरावरून त्यांना चिडवत होता, "दादानू, अजून हात न्हाय इसरला तुमचा." मालिनी ट्रंकेवर आपलं नाव रंगवत होती. उमाबाईंना वाटलं, आपला नवरा म्हणतो ते खोटं नाही. काही माणसं खरंच अशी असतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी गडी जेवून पडले होते. भागोजी मागच्या पडवीत पानावर बसला होता, उमाबाई त्याला ताक वाढत होत्या. सहज बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "तुझ्या घरची झाली का रे शाकारणी?"

"न्हाय वो, वयनी. आमचं मागनं. आदी खोताचं, मंग आपलं. रीतच हाय ती."

"आणि मधेच पाऊस आला तर?"

"आलाच की येकदा." भागोजीनं ताकभात कालवला. त्याच्या आवाजात काही वेगळं नव्हतं. हवापाण्याचं बोलावं तसं तो बोलत होता. "आमी गोठ्यात व्हतो ना, त्येच साल. खोताच्या घरावर बापूस धा दिस येठीला व्हता. आमचं घर गवती. गवत कापून ठेवलेलं, चढवायचं ऱ्हायलेलं. आनि पाऊस लागला. भित पडली. माजी भैण मालन चार दिसांची व्हती. मंग तुमच्या सासूबायनी गोठा दिलान. दूध दिलान, घोंगडी दिलान. लय केलान त्यांनी."

"घरातलं सामान?"

"सामान काय व्हतं, वयनी? बियाचं भात व्हतं कणगीत. त्ये भिजलं नि तितंच रुजलं. बी न्हाय तर पेरायचं काय? बापूस गेला मुंबईस, गिरणीत. त्या मागनं तो मला तीनदा दिसला. एकदा भैणीच्या लग्नात, नि दोनदा गणपतीस." त्यानं पान दुमडलं. "पन खोतीणबाय देवमानूस, वयनी. न्हायतर आमी ऱ्हायलोच नसतो. म्हनून तर मी बोललो, तुमच्या घरची मजुरी घेनार न्हाय."

तो हात धुऊन सावलीत आडवा झाला. उमाबाई ताकाचं भांडं घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. वेठ हा शब्द त्यांच्या घरात कधी कुणी उच्चारला नव्हता. सणाला आपुलकीनं येणारी माणसं, अंगणातली धमाल, हंड्यातला भात, हे सगळं त्यांनी तीस वर्षं ऐकलं होतं. त्या दहा दिवसांत त्या माणसांची स्वतःची छपरं उघडी असत, हे सांगायचं राहून गेलं होतं. दत्तोपंतांनी लपवलं नव्हतं. आठ वर्षांच्या मुलाला ते दिसलं नव्हतं, आणि नंतर पुन्हा बघायला तो परतला नव्हता.

त्या दुपारी उमाबाईंनी जेवढा विचार केला तेवढा त्यांनी आपल्या लग्नातसुद्धा केला नव्हता. अर्थात तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. गप्प बसलं तर काय होईल? घर शाकारून होईल, भागोजी खुशीत जाईल, मालिनी शेवटच्या बोटीनं पुण्याला जाईल. कुणाचं काहीच बिघडणार नाही. आणि सांगितलं तर? सांगितलं तर नवरा मजुरी दिल्याशिवाय राहणार नाही. तेवढा त्या त्याला ओळखत होत्या. मजुरी म्हणजे डब्यातले पैसे, म्हणजे मालिनीची बोट, म्हणजे खेडचा बिजवर. शिवाय ते आठ दिवस. माणसाजवळ सांगण्यासारखं सुख असतं किती? त्यातलं सगळ्यात मोठं आपण आपल्या हातानं काढून घ्यायचं?

त्यांनी माजघरात डोकावलं. मालिनी ट्रंकेत साडी घडी करून ठेवत होती. चारच साड्या होत्या, त्या ती काढून पुन्हा पुन्हा लावत होती. उमाबाईंना तिच्यावर इतकी माया आली की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग वाटलं, चार दिवसांची मालन पण कुणाची तरी लेकच होती. आज ही जाणार ती एका माणसाच्या उघड्या छपराच्या जिवावर जाणार, आणि ते आपल्याला माहीत असणार. मुलीला निरोप देताना ते तोंडावर आल्याशिवाय राहणार नाही.

संध्याकाळी गडी गेल्यावर त्यांनी दत्तोपंतांना ओटीवर बसवलं आणि भागोजी बोलला ते शब्दाला शब्द सांगितलं.

"वेठ कसली?" दत्तोपंत आधी तडकले. "कोण म्हणतो वेठ? आपुलकीनं येत. मी बघितलंय ना."

दत्तोपंत खुर्चीत मागे टेकले. मग पुढे झाले. बोटांवर काही मोजू लागले. कचेरीतली सवय ती, आकडा हाताशी आला की त्यांना खोटं बोलता येत नसे. "त्या वर्षी रोहिणी नक्षत्रातच पाऊस लागला होता," ते हळू म्हणाले. "आणि आमची शाकारणी दहा दिवस चालली. म्हणजे त्यांना दिवस उरला नाही. एकसुद्धा उरला नाही गो."

नेहमीप्रमाणे रस्त्यावरून दोघातिघांनी जाता जाता हाक मारली, दत्तोपंतांनी ओ दिली नाही.

"मला वाटायचं, ते माझ्यासाठी राहायला आलेत," ते म्हणाले. "खेळायला."

उमाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. ओटीवर, रस्त्यावरून दिसत असताना, हे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तोपंत चहा न घेताच सोहनी वकिलांकडे गेले. आले ते सहा महिन्यांचं आगाऊ भाडं, अठ्ठेचाळीस रुपये, रुमालात बांधून. उमाबाईंना वाटलं होतं, ते चिडचिड करतील, नाही तर गप्प बसतील. त्यांनी फक्त आरामखुर्ची उचलली आणि स्वतः डोक्यावर घेऊन मागच्या पडवीत नेली. तिथे ती चूल आणि जळाऊ लाकडं यांच्यामध्ये कशीबशी मावली. बसून बघितलं, तर समोर गंगुबाईंचे पापड वाळत होते.

"इथे हवा चांगली येते," ते म्हणाले. हवा येत नव्हती. उमाबाई "हो" म्हणाल्या.

मग त्यांनी भागोजीला छपरावरून खाली बोलावलं. पुढचं पाखं बसून झालं होतं, भाडेकऱ्यांच्या बाजूचं अर्धं झालं होतं. मागचं, म्हणजे माजघर, स्वयंपाकघर आणि पडवी यांच्यावरचं, राहिलं होतं.

"भाडेकऱ्यांचं आज-उद्यात पुरं कर," दत्तोपंत म्हणाले. "आमचं मागचं राहू दे. परवाच्या बोटीनं तू नि तुझे गडी गावी जा. जयगडला उतरलात की तरीनं खाडी ओलांडून तवसाळला, आणि पुढे पायी. तुमच्या सगळ्यांच्या घरांची शाकारणी करा, आणि मग ये. हे तिकिटाचे, नि ही पाच दिवसांची चौघांची मजुरी."

भागोजीनं हात मागे घेतला. त्याचं तोंड पार उतरलं. "काय चुकलं माजं, दादानू?"

"काही चुकलं नाही."

"मंग? मजुरी देऊन मला परका करताव?"

उमाबाईंना वाटलं, आता हा माणूस रडणार. दत्तोपंतांनी पैसे पुढे धरून ठेवले.

"परका आज नाही करत रे, भागोजी," ते म्हणाले. "आजवर केला होता. मला ते काल कळलं."

भागोजीनं उमाबाईंकडे एकदा पाहिलं, आणि आपण पडवीत काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आलं असावं. मग त्यानं पैसे घेतले. मोजले नाहीत. कमरेच्या पिशवीत घालून त्यानं तिचं तोंड दोनदा आवळलं. "आठा दिसात चालत येतो," म्हणाला, आणि शिडी चढून गेला.

शेवटच्या बोटीच्या दिवशी मांडवीच्या बंदरावर ही गर्दी होती. आंब्याच्या पेट्या, सुट्टी संपवून मुंबईला परत निघालेले चाकरमानी, रडणाऱ्या बायका, आणि लांब समुद्रात उभी बोट. तिच्यापर्यंत पडावातून जायचं. भागोजीनं मालिनीची ट्रंक खांद्यावर घेतली होती आणि ती तो कुणाला हात लावू देत नव्हता. "जयगडपावतर मी हाय, वयनी," तो उमाबाईंना म्हणाला, "पुढं बाय शिकलेली हाय."

मालिनी आईच्या पाया पडली, बापाच्या पडली. "आप्पा, तुम्ही त्या पडवीत कसे बसाल हो?" तिनं विचारलं. सकाळपासून तिनं धरून ठेवलेलं रडू तिथे फुटलं.

"कसा म्हणजे? तुझं पत्र वाचत बसेन," दत्तोपंत म्हणाले. "दर आठवड्याला टाक. नाहीतर दिवसभर पापड मोजावे लागतील मला."

ती रडता रडता हसली आणि पडावात चढली. भागोजीनं तिला ट्रंकेवर बसवलं आणि तो शेजारी उभा राहिला. पडाव लाटेवर वर गेला, खाली आला, लहान होत गेला. दत्तोपंत हात हलवत होते. बोटीत कोण कुठे ते दिसेनासं झालं तरी ते हलवत होते.

नैर्ऋत्येला ढग दाटले होते. वारा पालटला होता, बंदरावरची कोळी माणसं होड्या वर ओढत होती. उमाबाईंनी आकाशाकडे बघितलं, आणि आपल्या स्वयंपाकघरावरचे ते जुने, तडकलेले, कुणी न परतलेले नळे त्यांच्या डोळ्यांसमोर आले.

"अहो, भागोजी यायच्या आत लागला तर?"

"कुणाचं तरी छप्पर शेवटी राहणारच," दत्तोपंत म्हणाले. "यंदा आपलं."

तीस वर्षांच्या संसारात उमाबाईंना हा माणूस पुष्कळदा आवडला होता, पण त्या दिवशी बंदरावर जेवढा आवडला तेवढा कधीच नाही. दोघं झाडगावच्या वाटेला लागली, आणि जाता जाता उमाबाई घरात रिकामी भांडी किती आहेत ते मनात मोजू लागल्या.